उत्तर देणं बंधनकारक

वर्ना पेलेटिअर आमच्या राज्याच्या लघुउद्योग कैवारी होत्या. पद भारदस्त, पण कचेरी विधानभवनाच्या तळघरात, आणि माणसं दोनच: त्या आणि मी, त्यांची टंकलेखिका. एखाद्या छोट्या दुकानदाराला सरकारी खात्याने नियमावर बोट ठेवून अडवलं, की त्याचं म्हणणं ऐकायचं, खात्याकडून फाईल मागवायची आणि जरा सबुरीने घ्या असं पत्र लिहायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. त्या पत्राला तीस दिवसांत उत्तर देणं खात्यावर बंधनकारक होतं. ऐकणं नव्हतं.

जुलैत टॉल्मन कोव्ह या किनाऱ्यावरच्या गावाहून ओडिल मिशोचा फोन आला. घरामागच्या शेडमध्ये भट्टी पेटवून ती बांगडा माशांना धुरी द्यायची आणि उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना विकायची. नव्या नियमाप्रमाणे अशा जागेत तीन वेगवेगळी सिंक हवी होती. तिच्याकडे दोन. निरीक्षकाने शेडला सील ठोकलं.

हा नियम ठरला तेव्हा सुनावणीत वर्नाबाई बोलल्या होत्या. मोठ्या कारखान्यांसाठीचं माप शेडला लावू नका, असं त्यांनी लेखी दिलं होतं. ते टिपण नियमाच्या मागे जोडलं गेलं आणि नियम होता तसाच मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी तीन तास गाडी चालवून आम्ही तिथे गेलो. सील होतं म्हणून वर्नाबाईंनी शेडचं बाहेरून माप घेतलं, आतलं ओडिलने सांगितलं. तिसरं सिंक बसवायचं तर भट्टीच काढावी लागणार होती.

ओडिल म्हणाली, "बाई, एवढंच सांगा, उद्या भट्टी पेटवू का?"

"नाही. सील काढायचा अधिकार मला नाही."

"मग तुम्ही आलात कशाला?"

वर्नाबाई टेप गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं म्हणणं त्यांना वाचायला लावायला."

"बांगडा ऑगस्टमध्ये येतो बाई. तुमचं पत्र वाचून होईपर्यंत तो थांबणार आहे का?"

पत्र त्याच दिवशी गेलं, मापांसकट. बरोबर तिसाव्या दिवशी उत्तर आलं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, प्रकरण विचाराधीन आहे. तो कागद घेऊन वर्नाबाई तीन मजले चढून खातेप्रमुख रॉइस टारबेलकडे गेल्या. मी मागे होते.

"रॉइस, याला उत्तर म्हणायचं?"

"कायद्याने म्हणायचं."

"शेड बघायला कुणी गेलं?"

"माणसं कुठेत गं माझ्याकडे?"

विधिमंडळाला जाणाऱ्या वार्षिक अहवालात मी हे सगळं लिहीन, असं त्यांनी बजावलं. धाक दाखवायला त्यांच्याकडे तेवढंच होतं, आणि अहवाल जायचा जानेवारीत. "लिही की," रॉइस म्हणाला, आणि आम्हाला कॉफी विचारली. वर्नाबाईंनी घेतली नाही.

ऑक्टोबरात खात्याने नियम बदलला. छोट्या धुरीघरांना दोन सिंक पुरे. मी हरखून ओडिलला फोन लावला. तिने सप्टेंबरातच भट्टी विकली होती आणि ती सुपरमार्केटमध्ये मासे कापायच्या नोकरीला लागली होती. वर्नाबाईंनी फोन घेतला, माफी मागितली. ओडिल रागावली नाही. दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल, म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं वर्नाबाई नंतर मला म्हणाल्या.

जानेवारीच्या अहवालात 'निकाल' या रकान्यात दोनच पर्याय होते, अर्जदाराच्या बाजूने किंवा विरुद्ध. ओडिलचं प्रकरण बाजूने धरलं गेलं आणि अहवाल ऐकणाऱ्या विधिमंडळ समितीच्या अध्यक्षांनी त्याबद्दल वर्नाबाईंचं अभिनंदन केलं. त्या उठून म्हणाल्या, "या बाईंचा धंदा गेलाय." अध्यक्षांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

त्या वर्षीच वर्नाबाईंनी कायद्यात दुरुस्ती मांडली: कुणाच्या आरोग्याला धोका नसेल, तर पत्राचं उत्तर येईपर्यंत दुकान बंद करू नये. साक्षीला ओडिलला बोलावलं, पण तिला सुट्टी मिळाली नाही. दुरुस्ती बारगळली. पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी ती मंजूर झाली, पण दुकान बंद न करण्याची मुदत तीस दिवसांच्या जागी दहा दिवस करून.

"दहाच का, ते कुणी सांगेना," वर्नाबाई वैतागून म्हणाल्या आणि पुन्हा तीस दिवस मागणारा चौथ्या वर्षाचा मसुदा मला टाईप करायला दिला. त्या निवृत्त झाल्या तेव्हा तो समितीकडेच पडून होता.