खिडकीतली डिकेमालीची पाटी

टिण्, टिण्, टिण्. चाळीस वर्षं झाली, तरी हा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. चिखली तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी तेव्हा नवा मराठी शिक्षक होतो. सातवीला चालीवर कविता म्हणून दाखवत होतो, आणि व्हरांड्यात कुणी पत्र्यावर खिळा ठोकत होतं. तक्रार करायला बाहेर आलो, तर विज्ञानाच्या निर्मलाबाई तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर 'करवंद' अशी अक्षरं टोचत बसलेल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या चालीवरच ठोकून राह्यली मी. एक तरी घाव चुकला काय?" चुकला नव्हता.

बाईंना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांनी लावलेल्या प्रत्येक झुडपाजवळ अशी पाटी आहे. दंडक एकच: फूल पाहिल्याशिवाय नाव टोचायचं नाही. तो एकदाच मोडला, आणि तो माझ्यामुळे. या गौरवग्रंथात तेच सांगायचं मी ठरवलं आहे.

निवृत्तीनंतर बाईंनी डिकेमाली मनावर घेतली. आमच्या लहानपणी उन्हाळाभर टेकडीला हिचा वास असे. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी पिवळं पडतं. शेंड्याच्या कोंबावर पिवळा चीक येतो. पोरांच्या पोटदुखीवर म्हणून लोकांनी तो इतका खरवडला, की झुडपंच दिसेनाशी झाली.

बाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून बियांसाठी फळं आणायला मी गेलो. त्यांनी बजावलं होतं, "काटे असले तर तो गेळ. फूल तसंच, वासही गोड. फळाले भुलू नका, फांदी पाहा." टेकडीवर मला शाळेतली एक जुनी कविता आठवली, तिच्यातच मी रमलो, आणि गेळाची फळंही त्याच पिशवीत पडली. अंगठ्यात काटा मोडला तेव्हा कळलं. पण निवडत बसायचा कंटाळा केला आणि पिशवी तशीच दिली.

माझ्या भरवशावर बाईंनी फुलाआधी पाट्या टोचल्या, उंद्री-अमडापूरपर्यंत रोपं वाटली. दुसऱ्या वर्षी रोपांना काटे आले; रुजला होता तो बहुतेक गेळच. माझ्या स्कूटरवर मागे बसून बाई दारोदार गेल्या. "चूक माझी," एवढंच म्हणायच्या आणि पाटी उलटी करून मागे 'गेळ' टोचून द्यायच्या. मी शेजारी गप्प उभा.

उंद्रीच्या गोदाबाईंचं रोप तेवढं बिनकाट्याचं, पण वीतभरच. नाव नक्की होईपर्यंत बाईंनी त्याची पाटी काढून घेतली. "शेंड्यावर चीक दिसला तर मले कळवा," म्हणाल्या.

गोदाबाई भडकल्या. "दोन उन्हाळे डोक्यावर पाणी आणलं मी. साऱ्या गावाले सांगतलं, डिकेमाली हाय म्हणून. आता लोकं हासतीन. मी काऊन कळवू?" आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून सहा वर्षं ती पाटी बाईंच्या खिडकीत टांगलेली आहे.

छापण्याआधी बाईंना हे वाचून दाखवावं, म्हणून काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पिशवीची ओळ वाचून मी बाईंकडे पाहिलं. बाई चिंचा फोडत होत्या.

"रोपांले काटे दिसले तवाच मले समजलं होतं, सर. तुमच्या अंगठ्यातला काटा काढून देल्ला कोनं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी सांगता, ते पाहून राह्यली होती. वाचा पुढं."

मी शेवट वाचला: बाईंच्या गुडघ्यांना टेकडी चढायचं बळ राहो, डोळ्यांना काटा आणि कोंब वेगळे दिसत राहोत, आणि अजून पुष्कळ उन्हाळे त्यांच्या अंगणात दरवळोत.

"लेख लांबला जरासा," बाई म्हणाल्या.

लेख खरं तर तिथेच संपला होता. पण तेवढ्यात कडी वाजली. दारात गोदाबाई उभ्या होत्या, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी. एक पांढरं फूल, काटा कुठेच नाही, शेंड्यावर चिकाचा थेंब.

"कळवाले नाही आली," त्या म्हणाल्या. "माही पाटी न्याले आली."