कूलरच्या बाजूची खुर्ची

कूलरच्या भिजलेल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास आला, की माझ्यासाठी पिक्चर सुरू होतो. पडदा उजळतो तो नंतर. हिंगणघाटच्या आमच्या जुन्या टॉकीजमध्ये भलेमोठे कूलर घरघरत असतात, आणि बाहेर डांबर वितळवणारा उन्हाळा आपली शेवटची हौस भागवून घेत असतो. अशा उतरत्या उन्हाळ्यात लागलेल्या चित्रपटांवर माझा विशेष लोभ आहे. शिणलेल्या जिवाला दोन घटका शीतल अंधार देणाऱ्या कलाकृतीशी कठोर वागावं तरी कसं?

कठोरपणा आमच्या ह्यांच्याकडे. सारी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये गेली, त्यामुळे नायिका शेतातून गात धावली, की हे गाणं सोडून पीक पाहणार: "भर उन्हाळ्यात पऱ्हाटीले बोंडं कशी?" आमचा नेमही ठरलेला. टॉकीजमधून निघाल्यावर रसवंती येईपर्यंत पिक्चरविषयी अवाक्षर काढायचं नाही. उसाच्या रसाचा पहिला घोट उतरला, की ह्यांचा निकाल.

यंदा मात्र निकाल विपरीतच लागू लागले. पहिल्या चित्रपटात नायकाने एका बुक्कीत ट्रक उलटवला, मला मौज वाटली, आणि हे म्हणाले, "बरा होता." दुसऱ्यातलं भूत भीती घालण्यापेक्षा भाषणंच जास्त करत होतं, तरी तोही पिक्चर ह्यांना "बरा" वाटला. मग हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारी तू बहिणीसंग जाजो. मले आता पिक्चरचा कंटाळा येते." ह्यांच्या कुरकुरीवाचून कुठलाही पिक्चर मला अळणीच लागणार होता.

तिसऱ्याला मी ह्यांना ओढूनच नेलं. विरहाची कथा, छायाचित्रण नितांतसुंदर, नायकाचा भांग मात्र ऐन दुःखातही जागचा हलला नाही. शेवटी स्टेशनवर नायिका त्याच्याशी काही बोलते, आणि सारं टॉकीज नाक ओढू लागतं. रसवंतीवर ह्यांनी ग्लास तसाच हातात धरला.

"अवं, ते पोरगी शेवटी काय बोलली त्याले?"

तेव्हा मला उमगलं. कंटाळा कसला, ह्यांना संवाद ऐकूच येत नव्हते, आणि ते सांगायचा संकोच वाटत होता. नायिका बिचारी वाट पाहण्याविषयी बेताचंच काही बोलली होती. मी चरकाच्या घुंगरांवर आवाज चढवून सांगितलं, "ती म्हणाली, तुमच्याशिवाय मले करमत नाई, मी एकटी कुठंच जाणार नाई!" रसवंतीवाल्याने चरक थांबवून आमच्याकडे पाहिलं.

ह्यांनी रस संपवला, मिशी पुसली. "पिक्चर ठीक होता. हे वाक्य जरा जास्तच झालं."

किती दिवसांनी ती कुरकुर ऐकली, आणि काय गोड वाटली! घराकडे वळताना हे रस्त्याकडे पाहत म्हणाले, "पुढच्या रविवारी मले कूलरच्या बाजूले नको बसवू. लय आवाज करते तो."

पुढच्या रविवारी आम्ही दूरच्या कोपऱ्यात बसलो. तिथवर खसाचा वास पोचत नाही. मी ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन एकेक संवाद सांगत राहिले, आणि पुढच्या रांगेतले लोक वळून वळून पाहत राहिले.