घाटमाथ्यावरची मावशी

मुलींच्या सायकल शर्यतीच्या आदल्या दिवशी मी वडूजहून एकटीच घाट बघायला गेले. दुष्काळी कामातून झालेला तो रस्ता, चढ नुसता अंगावर येणारा. दादांनी बजावलं होतं, ही शेवटचीच शर्यत, पुढं स्थळं बघायची. जिंकले तर ऐकतील, एवढीच आशा.

माथ्यावर मेंढरं राखणारी एक बाई भेटली. तिचा पाय ठरत नव्हता. टकळीवर लोकर कातत ती कळपाभोवती फिरत होती.

"बस की वाईच," ती म्हणाली. मलाही बसवेना.

"मावशी, उद्या मेंढरं जरा बाजूला घ्याल का?"

"तुला वाट देते की. तू फुडं गेलीस की मागल्यांस्नी आडवी घालते!"

मी हसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर कालचीच पांढरी टोपी होती, पण आज तशीच टोपी सगळ्यांना दिलेली. चढावर मी दुसरी होते. पहिलीनं माथा ओलांडला आणि रस्ता मेंढरांनी भरून गेला. मी पाय टेकून उभी राहिले. माझ्याकडे पाठ करून, टकळी उंचावून मावशी ओरडत होती, "पळ माजे बाई, मागचं मी बगते!"

माझ्यासाठी इतक्या जोरात आजवर कुणीच ओरडलं नव्हतं.