पाण्यात बुडणारं तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. विहारात डोळे मिटून बसलो तेव्हा स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि आमच्या गावात तुमचं येणं-जाणं नाही. भित्र्या माणसाचं धाडस एवढंच असतं.

आधी तेलाचं सांगतो. ते सोपं आहे.

मी वायरमन होतो. हिवरखेडच्या पलीकडची काही गावं माझ्याकडे होती, आता रिटायर झालोय. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात, आणि डीपीतलं तेल म्हणजे गुडघेदुखीवर अक्सीर इलाज, असं म्हातारी माणसं शपथेवर सांगतात. वायरमन गावात शिरला की लाइन कधी येणार हे विचारायच्या आधी बुढ्या बाटली पुढे करायच्या. मीही द्यायचो. फुकटात पुण्यवान व्हायला कुणाला आवडत नाही? काही घरांत तर मला तेलवाला भाऊच म्हणायचे.

अकोल्याच्या रस्त्याला कापसाची एक जिनिंग फार वर्षांपासून बंद पडलेली होती. तिच्या आवारात एक जुनाट परदेशी ट्रान्सफॉर्मर गवतात उभा होता. वॉचमन ओळखीचा. तिथून मी एक मोठी कॅन भरून आणली. ते तेल निराळं होतं — जड, जरा गोडसर वासाचं. बायकोनं तेलाची बाटली धुवायला बादलीत बुडवली, तर तेल वर तरंगलंच नाही. त्याचे थेंब सावकाश तळाशी गेले आणि तिथं बसून राहिले. बायको हसली. मीही हसलो असेन. पण त्या बादलीतलं पाणी आम्ही दोघांनीही वापरलं नाही, मोरीत ओतून दिलं.

आणखी एक. ते जिथं सांडे तिथं मुंग्या येत नसत. गुळाचा खडा ठेवला तरी नाही. रांग यायची, डागाच्या कडेला थांबायची, आणि वळसा घालून पुढं जायची. आम्ही याचा अर्थ काय लावला असेल? तेल ताकदीचं आहे! तरंगत नाही, खवट होत नाही, मुंगी शिवत नाही, म्हणजे यात काहीतरी आहेच. होतंच की.

आता शेवंताबाईचं सांगायला हवं. इथं माझी जीभ अडते, पण सांगतो.

शेवंताबाई आमच्याच गल्लीतली. बाळंतिणींना मालीश, तान्ह्यांची अंघोळ, शेक-शेगडी हे तिचं काम. नवरा लवकर गेला, मुलगा सुरतेला. गावातली निम्मी पोरं तिच्या लांब केलेल्या पायांवर उलटी-पालटी होऊन मोठी झाली, माझी मुलगीसुद्धा. तोंडानं फटकळ. लेकरू रडलं तर त्यालाच दटावायची, "काहून रडून राह्यला बे? तुले काय मी कापून राह्यली?" आणि लेकरू खरंच गप्प व्हायचं. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. त्या हातात माझं तेल मी दिलं. ती ते तिळाच्या तेलात मिसळून बुढ्यांच्या गुडघ्यांना आणि बाळंतिणींच्या कमरेला लावायची. एकदा लाइट गेली तेव्हा तिनं त्यात वात भिजवून पाहिली होती. वात पेटलीच नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "भाऊ, तुयं तेल लई हट्टी हाय." मला त्याचा अभिमान वाटला.

अशी वर्षं गेली. कॅन जवळजवळ रिकामी झाली.

मग अकोल्याला आमचं एक ट्रेनिंग झालं. दुपारची वेळ, पंखे घरघरत होते, निम्मे लोक पेंगत होते. समोरचा अधिकारी सांगत होता की काही जुन्या मशीनींच्या तेलात पीसीबी नावाचं विष असतं. ते मातीत कुजत नाही, कातडीतून अंगात शिरतं, चरबीत जाऊन बसतं, मग निघता निघत नाही. आईच्या दुधातून लेकराच्या पोटात जातं. यकृत खराब होतं. ज्यांच्या अंगात फार साचतं त्यांच्या तोंडावर काळ्या तोंडाच्या पुटकुळ्या येतात, नखं काळपट पडतात. कुणीतरी विचारलं, साहेब, ओळखायचं कसं? तो म्हणाला, खात्रीचं लॅबमध्येच कळतं, पण शुद्ध असेल तर पाण्यापेक्षा जड असतं, बुडतं.

माझं बिस्किट चहात होतं. ते तुटून तळाशी गेलं.

त्याच दिवशी संध्याकाळी, चांगलं ऊन असताना, मी गल्लीत शिरलो. शेवंताबाई तिच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. कुणाची तरी सून पुढ्यात बसली होती आणि ही तिची कंबर चोळत होती. मला पाहून तिनं हात वर केला. "आले का भाऊ अकोल्याहून?" हात तेलानं चमकत होता. मी पहिल्यांदाच तिची नखं पाहिली. चहाच्या गाळासारखी झाली होती. मी "हो" म्हणालो, घरात गेलो, आणि साबणानं हात धुतले. स्वतःचे.

का नाही सांगितलं? चोरीचं तेल होतं, चौकशी लागली असती — हे खरं, पण पूर्ण खरं नाही. ज्या बायकांनी मला आशीर्वाद दिले त्यांच्या दारात जाऊन, मी तुम्हाला विष दिलं, असं म्हणायचं होतं. ते माझ्यानं झालं नाही. मी फक्त तेल देणं बंद केलं. संपलं म्हणालो. किती बाळंतिणींना लागलं असेल, हे मी कधी मोजायला बसलो नाही.

हळूहळू तिची नखं आणखी काळी पडली. गालांवर, कानांमागं पुटकुळ्या उठल्या. त्याच सुमारास एकीचं दूध आटलं, एका लेकराला झटके आले. तेलामुळं की कशामुळं, देव जाणे म्हणायची आमच्यात सोय नाही, म्हणून म्हणतो — मला माहीत नाही. पण गावाला माहीत झालं. शेवंताच्या हातात काहीतरी शिरलंय, असं बाया पदराआडून बोलू लागल्या. तिचा हात फिरलाय. काळ्या नखांचा हात लेकराला लागू देऊ नये.

आणि मी कोण? आमच्या घरात करणी-भानामती मानत नाहीत. जयंतीला मी स्वतः विहारासमोर उभा राहून अंधश्रद्धेवर भाषण दिलंय. त्या वर्षीही दिलं. पहिल्या रांगेत बसून शेवंताबाई टाळ्या वाजवत होती, त्याच हातांनी. सगळ्या गावात एकट्या मला ठाऊक होतं की त्या नखांत काय शिरलंय. भाषण संपवून मी खाली उतरलो आणि नाश्ता केला.

पण हाही माझा खरा गुन्हा नाही. तो पुढं आहे.

माझी मुलगी बाळंतपणाला आली. नातू झाला. बायको पायात चप्पल घालत म्हणाली, "शेवंताले सांगून येतो." मी म्हणालो, नको. दुसरी पाहू. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. का, म्हणून विचारलं नाही, कारण तिला वाटलं की तिला कळलंय. दोन-चार दिवसांत ते गावभर झालं: करणी न मानणाऱ्या वायरमननंही शेवंताला दाराशी येऊ दिलं नाही. म्हणजे खरंच असणार! त्यानंतर तिला कुणीच बोलावलं नाही. कुजबुज गावाची होती. तिच्यावर शिक्का मी मारला — माझा नातू वाचवताना.

ती एकदा आली. आत आली नाही, पायरीवरच बसली. मला वाटलं, जाब विचारेल. तिनं दोन्ही हात पुढं धरले, तळवे खाली.

"भाऊ, ते तेल हाय काय जरासं? हातालेच लावतो. मंग जाईन हे काळं."

मी म्हणालो, संपलं.

"बरं. माया बाटलीत तळाशी हाय थोडं. तेच पुरवतो."

आणि ती गेली. तिचा ओटा माझ्या दारातून दिसतो. ती बसली, बाटली उघडली, आणि एकेका नखाला सावकाश तेल चोळू लागली. मी दारात उभा राहून पाहिलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी दार लावून घेतलं.

पुढं तिला कावीळ झाली, यकृत खराब झालं आणि त्यातच ती गेली. तेलानंच गेली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि नाही असंही नाही. सरणावर सगळं जळतं म्हणतात. मी मात्र तिथं त्या न पेटलेल्या वातीचा विचार करत उभा होतो.

सुरतेहून आलेल्या मुलानं घर रिकामं केलं आणि एक बाटली माझ्या हातात दिली. "काका, हे तुमचं तेल. माय म्हणे, तुमाले वापस द्याचं." तळाशी अजून बोटभर आहे. ती मी लोखंडी पेटीत ठेवली आहे. मातीत पुरली तर मातीत राहील, नाल्यात टाकली तर पाण्यात. तेल तसंच आहे, वासही तोच. तिचा ओटा ओस आहे. भिंतीवर, ती जिथं टेकायची तिथं, पाठीएवढा तेलकट डाग आहे. किती पावसाळे झाले, गेला नाही. मुंग्या अजून त्याला वळसा घालून जातात.

नातू आता शाळेत जातो. तो झोपला की मी त्याची नखं पाहतो. गुलाबी आहेत. गल्लीतल्या बाया त्याला पाहून अजून म्हणतात, नशीबवान पोरगं, शेवंताचा हात लागला नाही त्याले. मी शेजारीच उभा असतो. मान हलवतो.