जाळ्यावर नसलेल्या हाताचा वाटा

परीक्षाकेंद्रावर पर्यवेक्षणाला निघाले होते. आरमोरीच्या बाजारात कोणीतरी ओलं जाळं वाळत घातलं होतं. त्या वासाने मला नागभीडजवळच्या आमच्या मासेमार ढिवरांच्या गावात नेलं.

पन्नासच्या दशकात आमच्यासाठी विद्यापीठ म्हणजे नागपूर. बाबा म्हणत, "नागपूरले पोरगी एकटी नाई जात." म्हणून इंटरचा अभ्यास घरी करूनही माझी परीक्षा राहून जाई. त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने नागभीडला केंद्र दिलं, आणि पहिला पेपर नेमका तलावात मोठं जाळं ओढायच्या दिवशी आला. ज्या घरचे जितके हात जाळ्याला, तितके त्या घराला वाटे, अशी रीत होती. आई अंथरुणाला खिळलेली. मी गेले तर घरी एकच वाटा येणार.

"दोर धर. पेपर पुढच्या साली देजो," बाबा म्हणाले.

वाटे करणारे सोमाकाका मध्ये पडले. "पुढच्या साली इथी केंद्र राह्यते का नाई, कोणाले मालूम? जाऊ दे तिले."

संध्याकाळी पेपर देऊन परतले, तर पळसाच्या पानांवर आमच्या घराचे दोन ढीग होते. बाबांनी काकांकडे पाहिलं.

"पाहून काऊन राह्यला? तिचेबी हात दिवसभर चालूच होते ना!"

तेव्हा मी पोटभर जेवले. तो दुसरा ढीग प्रत्येकाच्या वाट्यातून एकेक मासा काढून केला होता, हे मला फार उशिरा कळलं. माझा पहिला पेपर सगळ्या गावाने थोडं कमी खाऊन दिला होता.