मामांनी न ऐकलेली मुलगी

बातमी आली तेव्हा बारडोलीच्या शाळेत माझा दुसरा तास चालू होता. फोनवर सुमनमामी एवढंच म्हणाली, "तुझे मामा गेले गं. चहा घेतला, चप्पल घालायला वाकले अन्..." त्याला आता सहा आठवडे झाले. या पुरवणीच्या वाचकांना मी श्राव्य नाटकांवर लिहिणारी म्हणून ठाऊक आहे. माझ्या ज्या परीक्षणाबद्दल वाचकांनी सर्वांत जास्त कळवलं, त्यातला मुख्य विचार रघुनाथमामांचा होता. तो विचारही नव्हता, हे मला नंतर कळलं... त्याबद्दलच आज लिहिते आहे.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. मिसरूड फुटायच्या वयात खान्देशातून सुरतला आले आणि लूमवर लागले. कापड विणायच्या कारखान्याला इथे 'खातं' म्हणतात. त्या खात्यात त्यांची तीसेक वर्षं गेली, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत. मी तालुक्याच्या गावी बारावी झाले आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं, तेव्हा मामा एका दिवसाची सुट्टी काढून आले आणि वडिलांना म्हणाले, "तीन वरीस पोर मन्हाकडे ऱ्हाऊ द्या." वडील म्हणाले, "शिकून काय कलेक्टर होणार आहे?" मामा म्हणाले, "नही व्हयनी तरी चालीन." सुरतच्या डिंडोलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची त्यांनी मला अभ्यासाला दिली आणि मामा-मामी स्वयंपाकघरात झोपू लागले. आमच्या दोन्ही घरांत पदवी घेतलेली मी पहिली.

आमच्याकडे आभार मानायची पद्धत नाही, तोंडावर तर नाहीच. बारडोलीच्या शाळेत कायम झाल्याचं पत्र हाती आलं, त्या दुपारी मी शाळेच्या ओट्यावरून मामांना फोन लावला आणि वर्षानुवर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं. तुम्ही नसता तर मी आज कुठे असते, असं काहीतरी. दोन मिनिटांतच आटोपलं. मामा नेहमीसारखंच "हां... हां... बरं" म्हणत होते. मला वाटलं, पोचलं.

आता त्या नाटकाबद्दल. दहा भागांची ती मालिका काळात मागे जाणाऱ्या एका माणसाची होती. धरणाच्या पोटातल्या बोगद्यात तपासणीला गेलेला एक अभियंता वाट चुकतो. बोगद्याच्या प्रत्येक वळणाला तो एक वर्ष मागे जातो. ठिबकणारं पाणी, त्याच्या बुटांचा आवाज, आणि अंधारातून येणारी एका मुलीची बारीक कुजबुज : "बाबा, अजून एक वळण." ती त्याची अजून जन्माला न आलेली मुलगी आहे. तो जितका मागे जाईल, तितका तिचा जन्म लांबणार, तरीही ती त्याला मागेच बोलावते आहे. का, ते नाटक शेवटपर्यंत सांगत नाही.

ही मालिका मी मामांबरोबर ऐकली, रविवारच्या दुपारी, डिंडोलीत. आवाज मोठा यावा म्हणून मामा फोन रिकाम्या पातेल्यात ठेवत आणि पातेल्याच्या कडेला हात टेकवून बसत. मामी आतून म्हणायची, "बसा मामा-भाची भुतं ऐकत. माझा कुकर तेवढा ऐका, तीन शिट्ट्या झाल्या की सांगा." दहावा भाग संपल्यावर मामांनी पातेल्यातून फोन बाहेर काढला. मग म्हणाले, "तो साहेब कोनसंगे बोली ऱ्हायना? तठे कोनीच नही."

साहेब कुणाशी बोलतोय, तिथे तर कुणीच नाही! त्या बोगद्यात मुलगी नाहीच, तो माणूस एकटा आहे आणि स्वतःलाच उत्तरं देतो आहे! मला हे सुचलंच नव्हतं. मी त्याच विचारावर परीक्षण लिहिलं, लूमवर काम करणाऱ्या माझ्या मामांचं हे म्हणणं आहे असं त्यात नमूद केलं, आणि ते लोकांना फार आवडलं. कुणी लिहिलं, असा श्रोता मिळायला भाग्य लागतं. मी ते मामांना दाखवलं तेव्हा ते आपलं नाव कुठे छापलंय ते बोटाने शोधत राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत मामी म्हणाली, मलाही ऐकवा की एकदा. पुन्हा पातेलं, पुन्हा फोन. पहिली कुजबुज आली आणि मामी दचकून मागे सरली. मामांनी तिच्याकडे पाहिलं. "काय व्हयनं?"

"ती पोर बोलली ना एकदम!"

"कोनती पोर?"

मामी हसायला लागली. "भाची पेपरात छापून आणते तुमचं ज्ञान, अन् तुम्ही पोरच ऐकली नाही?"

मी मालिका थांबवली. मामा ओशाळून पातेल्याकडे बघत होते. मग त्यांनी सांगितलं, की जाड आवाज येतो, बारीक येत नाही. कितीतरी वर्षं झाली. खात्यात सगळ्यांचंच तसं होतं. तिथे लूमच्या खडखडाटात कुणाला ऐकू येत नाही, ओठ बघून बोलणं चालतं. सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हंजे ती खरंच व्हती तठे?"

"हो मामा."

"मंग बिचारा एकटा नव्हता," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखर बरं वाटलेलं दिसलं.

मला मात्र बरं वाटलं नाही. माझा आवाज बारीक आहे. शाळेतली मुलं माझ्या मागे त्याची नक्कल करतात. मी डिंडोलीला गेले की मामा मला नेहमी दाराकडे तोंड करून बसवायचे. वारा लागावा म्हणून बसवतात, असं मी समजत होते. माझ्या तोंडावर उजेड पडावा म्हणून ते होतं. आणि फोनवर तर ना उजेड, ना ओठ. पाच वर्षं दर आठवड्याला मी त्यांना फोन करत होते... मी त्यांना विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. ठरवलं, की ते 'तुम्ही नसता तर' आता समोर बसून सांगायचं. संक्रांत गेली, होळी गेली. दर वेळी घरात कुणीतरी असायचं, नाहीतर मलाच लाज वाटायची.

दहावा-तेरावा झाल्यावर मामीबरोबर भांडी लावताना मी शेवटी विचारलं, "मामी, माझ्या फोनवर मामांना काय ऐकू यायचं?"

"काहीच नाही," मामी म्हणाली. "मी म्हणायची, इकडे द्या, मी ऐकून सांगते. तर फोन धरूनच ठेवायचे. म्हणायचे, ती माले सांगी ऱ्हायनी. तू फोन ठेवला की चष्मा लावून बघायचे किती वेळ बोललीस ते. म्हणायचे, चौदा मिनिट बोलनी, म्हंजे पोर बरी शे. वीस मिनिटं झाली की चाळभर सांगत फिरायचे." ताट पुसता पुसता ती थांबली. "एकदा मात्र दोनच मिनिटात ठेवलास तू. पाळी सोडून बारडोलीची बस धरली त्यांनी."

तो दिवस मला आठवला, कायम झाल्याच्या पत्राचा. शाळा सुटायच्या वेळेला मामा फाटकाशी उभे होते, शर्टावर लूमचा कापूस तसाच. मला वाटलं होतं, माझं फोनवरचं बोलणं ऐकून मन भरून आलं म्हणून आलेत. त्यांनी माझा दंड धरून मला झाडाच्या सावलीतून उन्हात आणलं, तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बोल आते. काय सांगी ऱ्हायंती?"

आजूबाजूला मुलं होती, दोन शिक्षिका होत्या. मी लाजून हसले.

"काही नाही हो मामा. फोनवर सांगितलं ना सगळं."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "हां," म्हणाले. "बरं."