रिकाम्या जागेतले खड्डे

प्लॅनर मॅडमनी नकाशा टेबलावर पसरला आणि कोळीण हिराबायनं त्यातल्या पार्किंगवर बोट ठेवलं.

"माज्या बोंबलांवर गाड्या कोनी लावल्या?"

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली मीटिंग. खाडीकाठी सायन्स पार्क व्हायचा होता. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या लॅब, छोट्या कंपन्या, मधून लोकांना फिरायला रस्ता. मॅडमनी परदेशात असे पार्क आखलेत. त्यांचं एकच म्हणणं: आधी माणूस, मग बिल्डिंग. आणि इथं पार्किंग नेमकं बायकांच्या मासळी सुकवायच्या जागेवर आलं. आठ दिवसांनी लेआउट मंजुरीला जाणार होता.

"सर्व्हेमध्ये ही जागा रिकामी आहे," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

मी सर्व्हेतला खलाशी. बोटीवरचा नव्हे. इंजिनियर दुर्बिणीतून बघतो, मी समोर आरशाची काठी धरून उभा राहतो. काठी टेकेल तो पॉइंट नकाशावर येतो. तिथं काय आहे तेही मीच ओरडून सांगतो. नारळ, गटार, भिंत. शाळा चौथीपर्यंत, पण माझा पॉइंट आजवर कुणी खोटा पाडला नव्हता. इथं मी ओरडलो होतो, "रिकामी!"

"रिकामीच होती. या डोळ्यांनी बघितलीय."

"कवा बगितलीस?" हिराबायनं विचारलं.

"जुलैत."

"जुलैत बोटी वर काढल्यान, मच्छी बंद. तवा काय तुजं धोतर वालत घालू?"

सगळ्या बायका हसल्या. मी पँट घालतो, तरी लागलं.

"मग तेव्हाच सांगायचं होतं ना."

"तू इचारलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न सांगता मी काठी घेऊन तिथं गेलो. मला माझंच खरं करायचं होतं. जागा वलांड्यांनी भरलेली. बांबूचे उभे-आडवे मांडव, त्यावर बोंबील टांगलेले. एका बांबूच्या बुडाशी वाकून बघितलं. खड्डा, कडेला दगड बसवलेले.

आणि आठवलं. जुलैत माझी काठी अशाच एका खड्ड्यात गेली होती. पावसाळ्यापुरता बांबू काढून ठेवलेला, पाणी भरलेलं. मी काठी उपसली, वीतभर सरकवली, सपाट जागी टेकवली आणि ओरडलो. पुढं तसेच खड्डे, एका रांगेत. कुणी खणले, हे पोरसुद्धा विचारील. मी विचारलं नाही.

इंजिनियरला दुर्बिणीतून फक्त आरसा दिसतो. म्हणजे ही गोष्ट मला एकट्यालाच ठाऊक. गप्प बसलो असतो तर सगळा दोष पावसावर गेला असता.

तसाच अंधेरीच्या ऑफिसात गेलो.

"मॅडम, खड्डे होते. मी काठी बाजूला घेतली."

मॅडमनी नकाशा पुढं ओढला. मग म्हणाल्या, "काका, हे लेखी द्याल?"

"लिहा तुम्ही. सही माझी."

"मग चला. दुर्बीण काढा."

दोन दिवस पुन्हा सर्व्हे केला. प्रत्येक बांबूचं बूड म्हणजे एक पॉइंट. हिराबाय पुढं, मी काठी घेऊन मागं.

"हितं पन टेक, दाद्या. सरकवू नको."

"नाही सरकवत गं बाय."

तिनंच मॅडमना सांगितलं की समुद्राकडची लॅब वारा अडवील आणि बोंबील सडतील. मॅडमनी तिथंच पेन्सिल काढली. लॅब मागं सरकली, पार्किंग रस्त्याकडं गेलं. लेआउट उशिरा गेला, साहेब लोक कुरकुरले, पण मंजूर झाला. आता त्या जागेवर 'मासळी सुकवण्याची जागा' असं लिहिलंय. रंगसुद्धा वेगळा दिलाय.

आमच्या सर्व्हेच्या फॉर्ममध्ये तेव्हापासून एक रकाना वाढलाय: जागा कोणत्या महिन्यात बघितली? तो मी सुचवला. ऑफिसात त्याला काकांचा रकाना म्हणतात.

चूक कबूल करायला मला, चौथी शिकलेल्याला, एक दिवस लागला. जास्त शिकलेल्यांना किती लागतो, ते मी सांगू नये.